औषधांच्या डब्यात दडलेले हाडांचे दुखणे

गेल्या पावसाळ्यात कांजूरमार्ग पूर्वेला राहणारे 72 वर्षांचे एक आजोबा घराच्या उंबरठ्याला अडखळून पडले. पडणे साधेच होते, तरी मनगटाचे हाड मोडले. प्लास्टर निघाल्यावर त्यांच्या सूनबाई औषधांचा डबा घेऊन माझ्याकडे आल्या. त्यात पित्तावरची एक कॅप्सूल होती. कधीकाळी दोन आठवड्यांसाठी लिहून दिलेली ती कॅप्सूल आजोबा पाच वर्षे रोज घेत होते. तिच्यात लेव्होसल्पिराइड होते. रक्त तपासले, तेव्हा प्रोलॅक्टिन वाढलेले आणि टेस्टोस्टेरॉन घटलेले आढळले.

आपण म्हणाल, प्रोलॅक्टिन तर बाळंतिणीला दूध येण्यासाठी असते. आजोबांच्या मनगटाशी त्याचा काय संबंध?

मेंदूच्या तळाशी असलेल्या वाटाण्याएवढ्या पीयूषिका ग्रंथीतून हे संप्रेरक स्त्री-पुरुष दोघांतही स्रवते. डोपामाइन त्याला लगाम घालते. काही औषधे हा लगाम सैल करतात. प्रोलॅक्टिन दीर्घकाळ वाढलेले राहिले, की स्त्रीचे इस्ट्रोजेन व पुरुषाचे टेस्टोस्टेरॉन घटते. हाड सतत झिजते आणि सतत नव्याने भरतही असते. ही संप्रेरके झीज आवरून धरतात; ती उणावली की झीज भरपाईला मागे टाकते. आजींचे इस्ट्रोजेन पाळी गेल्यावर आधीच उतरलेले असते, त्यामुळे त्यांच्यात हा परिणाम वेगळा जाणवत नाही. पुरुषांत मात्र तो ध्यानात न येता वाढत राहतो. कामेच्छा मंदावणे, छाती सुजणे या खुणा संकोचापोटी कोणी सांगत नाही.

अशी औषधे पुष्कळ घरांत असतात. पित्त व उलटीसाठी डोम्पेरिडोन, मेटोक्लोप्रमाइड, लेव्होसल्पिराइड; मानसिक आजारांत किंवा स्मृतिभ्रंशातील अस्वस्थतेसाठी रिस्पेरिडोन, अमिसल्पिराइड, हॅलोपेरिडॉल. यांतील काहींनी गुंगी व अंगात ताठरपणा येतो, म्हणजे पडण्याचा धोकाही वाढतो. थायरॉइडची कमतरता, मूत्रपिंडाचा जुना विकार आणि पीयूषिकेतील साधी गाठ यांमुळेही प्रोलॅक्टिन वाढते. ही गाठ बहुधा कॅबरगोलिनच्या गोळ्यांनी आकसते. डोकेदुखीबरोबर बाजूचे दिसेनासे झाले, तर मात्र विलंब करू नये.

एक विनंती कळकळीची. मानसिक आजाराची गोळी आपल्या मनाने कदापि बंद करू नका. आजार उलटण्याचे भय हाडांच्या भयाहून मोठे असू शकते. मात्रा कमी करणे वा पर्यायी औषध देणे, हे डॉक्टरांना ठरवू द्या. ताणानेही प्रोलॅक्टिन वाढते, म्हणून किंचित वाढलेला एखादा अहवाल पाहून घाबरू नये. तपासणी पुन्हा करावी. हाडांसाठी डेक्सा तपासणी असते. तिचा टी-स्कोअर उणे 2.5 किंवा त्याहून खाली असेल, तर हाडे ठिसूळ झाली असे समजतात. गुंतागुंतीच्या रुग्णांसाठी परळच्या केईएम रुग्णालयात अंतःस्रावशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे.

आजोबांची कॅप्सूल थांबवली आणि काही आठवड्यांत प्रोलॅक्टिन उतरले. हाडे मात्र इतक्या लवकर सावरत नाहीत. त्यांना वर्षे लागतात. म्हणून आज रात्रीच घरातील वडीलधाऱ्यांचा औषधांचा डबा उघडा. प्रत्येक औषधासमोर ते कोणी, कशासाठी आणि केव्हापासून दिले, एवढे लिहा. ज्या औषधासमोर उत्तर लिहिता येणार नाही, ते घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जा.