विलायतेतल्या लेकरांकडे (भाग ६) : तिकीट मोकळे की बांधलेले?

मागच्या भागात व्हिसा, विमा आणि औषधांच्या चिठ्ठ्या यांची बांधाबांध झाली. या आठवड्यात प्रत्यक्ष प्रवास. बोईसर-तारापूरच्या वसाहतींतून, पालघरमधून, मनोरच्या पेठेतून ब्रिटनला गेलेली मुले सगळी लंडनातच राहतात असे नाही. कोणी लीड्सला असतो, कोणी ग्लासगोला, कोणी कार्डिफला. म्हणजे आईबाबा हिथ्रोला उतरले तरी रेल्वेचा एक टप्पा बाकीच असतो. मग महिनाभर आधी फोन येतो, "बाबा, गाडीचं तिकीट आत्ता स्वस्त मिळतंय, काढून ठेवू का?" या साध्या प्रश्नाचे उत्तर 'हो' असेलच असे नाही. ते का, हे आज पाहू.

आपली सवय आणि तिथला हिशेब

पालघर ते अंधेरी तिकीट काढले की डहाणू लोकलने थेट जा किंवा विरारला उतरून दुसरी पकडा, सकाळच्या चेंगराचेंगरीत जा किंवा दुपारी ऐसपैस बसून जा, पैसे तेवढेच. आपण अंतर विकत घेतो. ब्रिटनमध्ये अंतराबरोबर वेळही विकत घ्यावी लागते. त्याच दोन गावांच्या, त्याच वर्गाच्या प्रवासाला शेजारी बसलेल्या दोघांनी दुप्पट-तिप्पट फरकाने पैसे मोजलेले असू शकतात.

तिकिटांच्या मुख्य जाती तीन. 'एनीटाइम' म्हणजे कोणत्याही वेळेची गाडी. सर्वांत मोकळे आणि सर्वांत महाग. 'ऑफ-पीक' म्हणजे गर्दीची वेळ सोडून कोणतीही गाडी. सोमवार ते शुक्रवार सकाळी साधारण साडेनऊपर्यंत गर्दीची वेळ धरतात. लंडनहून सुटणाऱ्या काही गाड्यांना संध्याकाळीही हे बंधन असते. शनिवार-रविवार बहुधा मोकळे. स्कॉटलंडच्या स्कॉटरेलने मात्र १ सप्टेंबर २०२५ पासून गर्दीच्या वेळेचे जादा भाडे काढूनच टाकले आहे. तिसरी जात 'अ‍ॅडव्हान्स'. हे सर्वांत स्वस्त, साधारण बारा आठवडे आधीपासून मिळते, पण तिकिटावर छापलेल्या गाडीलाच चालते. ती चुकली की तिकीट गेले. पैसे परत नाहीत. सुटण्याआधी बदल करता येतो, पण त्यासाठी शुल्क आणि भाड्यातला फरक भरावा लागतो. वाटेतल्या स्टेशनवर उतरून दोन तासांनी पुढे जायचे, तेही चालत नाही.

बंधन कधी मार्गाचे किंवा कंपनीचेही असते. एखादे तिकीट लंडनमार्गे चालत नाही, एखादे एकाच कंपनीच्या गाडीला चालते. कंपन्यांची रेल्वे आपल्याला अगदीच परकी नाही. पालघर-बोईसरवरून जाणारा मार्ग बांधणारी बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे ही १८५५ सालची ब्रिटिश कंपनीच होती. ब्रिटनने १९४८ मध्ये रेल्वेचे राष्ट्रीयीकरण केले, १९९० च्या दशकात प्रवासी गाड्या कंपन्यांकडे दिल्या आणि २०२४ च्या कायद्याने त्या पुन्हा सरकारकडे घ्यायला सुरुवात केली. मे २०२५ मध्ये या कायद्याखाली साउथ वेस्टर्न रेल्वे पहिली सरकारी झाली. त्यामुळे डब्यांवरची नावे बदलत राहतील. आपण तिकिटावरच्या अटी वाचायच्या.

मग कोणते घ्यावे?

एकच कसोटी लावा: त्या दिवशीची वेळ कोणाच्या हातात आहे? मुलाच्या घरून निघून चार दिवस एडिंबरा पाहायचे ठरले आहे, सकाळी स्टेशनवर पोहोचणे आपल्याच हातात आहे, तर बांधलेले स्वस्त तिकीट बेशक घ्या. पण मुंबईचे विमान उतरते त्या दिवसाची वेळ विमान कंपनी, हवामान, पासपोर्ट तपासणीची रांग आणि बॅगांचा पट्टा हे चौघे मिळून ठरवतात. त्या दिवसाला बांधलेले तिकीट घेऊ नये. एका गाडीला उशीर झाल्यामुळे त्याच प्रवासातली दुसरी गाडी चुकली, तर रेल्वे पुढच्या गाडीत बसू देते. विमानाच्या उशिराला ही सवलत सहसा नसते. म्हणून उतरण्याच्या दिवसासाठी ऑफ-पीक किंवा एनीटाइम. चार पैसे जास्त गेले तरी ते मनःशांतीचे.

एक पर्याय बसचाही आहे. हिथ्रोवरूनच नॅशनल एक्स्प्रेसच्या बस अनेक शहरांना सुटतात. बर्मिंगहॅम, ब्रिस्टल किंवा कार्डिफला जायचे असेल तर दोन मोठ्या बॅगा घेऊन लंडन ओलांडण्याची यातायात वाचते. पश्चिमेकडे जाणाऱ्यांसाठी हिथ्रो ते रेडिंग अशी खास बसही आहे; पुढची गाडी रेडिंगला मिळते.

लंडनमार्गेच जायचे तर स्टेशन नीट बघा. आपल्याकडे मुंबई सेंट्रल, वांद्रे, सीएसएमटी, कुर्ला टर्मिनस असे दिशेनुसार बदलते, तसेच तिथे. लीड्स-एडिंबराला किंग्ज क्रॉस, मँचेस्टर-ग्लासगोला युस्टन, कार्डिफ-ब्रिस्टलला पॅडिंग्टन. हिथ्रोहून २०२२ मध्ये सुरू झालेल्या एलिझाबेथ लाइनने पॅडिंग्टन अर्ध्या तासाच्या आसपास येते. हिथ्रो एक्स्प्रेस पंधरा मिनिटांत नेते, पण बरीच महाग पडते.

साठीनंतरची सवलत

साठी ओलांडलेल्या कोणालाही सीनिअर रेलकार्ड मिळते. त्यासाठी ब्रिटनचा रहिवासी असावे लागत नाही. वयाचा पुरावा म्हणून पासपोर्ट चालतो. स्टेशनच्या तिकीट खिडकीवर पासपोर्ट दाखवून कार्ड घ्यावे. मार्च २०२५ पासून एका वर्षाच्या कार्डाची किंमत ३५ पौंड आहे आणि त्यावर बहुतेक तिकिटांत एक तृतीयांश सूट मिळते.

दोघे नेहमी बरोबरच फिरणार असतील तर 'टू टुगेदर' कार्ड घ्या. तेही ३५ पौंडांना, पण दोघांत मिळून एकच, आणि सूट तेवढीच. अट अशी की दोघांनी सोबतच प्रवास करायचा आणि सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊच्या आत ते वापरायचे नाही. दोघांचे जाऊन-येऊन तिकीट समजा १८० पौंड होत असेल, तर ६० पौंड वाचतात. एकाच फेरीत कार्डाचे पैसे वसूल. कार्ड नेहमी जवळ ठेवा. तपासनीस तिकिटाबरोबर तेही मागतो.

ब्रिटनबाहेरच्या पाहुण्यांसाठी ब्रिटरेल नावाचा पासही आहे. रोज नवे गाव पाहणाऱ्याला तो परवडतो. महिनाभर नातवाजवळ राहून अधूनमधून फिरणाऱ्यांना रेलकार्ड पुरते.

स्टेशनवरच्या सवयी

तिथल्या मोठ्या स्टेशनवर फलाटाचा क्रमांक गाडी सुटण्याआधी थोडा वेळच झळकतो. तोवर सगळे फलकाखाली माना वर करून उभे असतात. तेव्हा निदान अर्धा तास आधी पोहोचा. दरवाजे गाडी सुटण्याच्या वेळेआधीच बंद होतात, काही ठिकाणी दोन मिनिटे आधी. पालघरला जिना उतरता उतरता सुटणारी लोकल पकडण्याचे कसब तिथे कामाला येत नाही. दरवाजा आपोआप उघडेल म्हणून वाट पाहू नका. बटण पेटले की दाबायचे.

काही गाड्यांचे वाटेत दोन भाग होऊन ते वेगवेगळ्या गावांना जातात, आणि लहान फलाटांवर पुढच्या काही डब्यांचेच दरवाजे उघडतात. बसण्याआधी डब्यातल्या पट्टीवर आपल्या गावाचे नाव पाहून घ्या. तिकीट बाहेर पडेपर्यंत सांभाळा, कारण बहुतेक ठिकाणी बाहेर पडतानाही फाटकाला ते दाखवावे लागते. इंग्लंडमध्ये विनातिकीट सापडल्यास दंड १०० पौंड अधिक भाडे; २१ दिवसांत भरल्यास १०० चे ५० होतात.

हमाल मिळत नाहीत. आपण उचलू शकू तेवढीच बॅग न्या. गुडघ्याचा, कमरेचा त्रास असेल तर 'पॅसेंजर असिस्ट' ही मोफत सोय मुलांकडून दोन तास आधी सांगून ठेवता येते. माणूस येतो, गाडीत बसवून देतो, उतरवायलाही दुसरा हजर असतो. ही मदत मागण्यात कमीपणा नाही.

रविवारच्या ब्लॉकला आपण सरावलेलो आहोत. तिथेही रविवारी आणि बँक हॉलिडेला कामे निघतात आणि मधला टप्पा बसने करावा लागतो. २५ डिसेंबरला जवळपास सगळी रेल्वे बंद असते, २६ लाही गाड्या फार थोड्या. नाताळात जाणाऱ्यांनी हे आधीच धरून चालावे. एक गोष्ट मात्र आपल्या लोकलच्या प्रवाशाला नवलाची वाटेल: गाडीला उशीर झाला तर पैसे परत मागता येतात. बहुतेक कंपन्या पंधरा मिनिटांच्या उशिराला एकेरी भाड्याचा चौथा हिस्सा, अर्ध्या तासाला निम्मे आणि तासाभराला पूर्ण भाडे देतात. अर्ज २८ दिवसांत करायचा, म्हणून तिकीट टाकून देऊ नका.

लंडनमध्ये कार्ड टेकवताना

मेट्रो, एलिझाबेथ लाइन आणि बसला वेगळे तिकीट लागत नाही. बँकेचे कार्ड टेकवले की झाले, आणि दिवसाच्या भाड्याला कमाल मर्यादा असते. पण प्रत्येकाला स्वतंत्र कार्ड हवे. एकाच कार्डावर नवरा-बायको दोघे जात नाहीत. चढताना टेकवलेले कार्डच उतरताना टेकवा. आत जाताना कार्ड आणि बाहेर पडताना फोन असे केले तर यंत्र ते दोन वेगळे प्रवासी समजते. बसमध्ये मात्र फक्त चढताना टेकवायचे. रोख पैसे २०१४ पासून चालत नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे आपल्या कार्डांचा परदेशी वापर आणि टेकवून पैसे देण्याची सोय ग्राहकाने स्वतः चालू करावी लागते. ते काम पालघर-बोईसरच्या शाखेतून किंवा बँकेच्या अ‍ॅपवरून निघण्यापूर्वीच उरका.

विमान : सहारपर्यंत आणि त्यापुढे

मनोरहून सहारचे टर्मिनल २ सुमारे ८० ते ९० किलोमीटर. खानिवडे टोल, वर्सोवा पूल, घोडबंदरचा फाटा यांतले कोण कधी अडवेल याचा नेम नाही, पावसाळ्यात तर नाहीच. चेक-इनचा काउंटर उड्डाणाच्या तासभर किंवा त्याहूनही आधी बंद होतो. तीन तास आधी विमानतळावर, आणि रस्त्यासाठी निदान चार तास, असा हिशेब धरा. सोडायला येणाऱ्या मंडळींनी मात्र जीपगाडीत दाटी न करता लोकलने अंधेरी, तिथून मेट्रोने मरोळ नाका आणि तिथून मेट्रो ३ ने टर्मिनल २ गाठावे. हा मार्ग ऑक्टोबर २०२४ पासून खुला आहे.

बॅगेत पेढे, तूप, श्रीखंड ठेवू नका. भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला ब्रिटनमध्ये बंदी आहे. ताज्या फळांना बहुधा प्रमाणपत्र लागते, तेव्हा घोलवडचे चिकू इथेच खाऊन निघा. सातपाटीचे सुके बोंबील मात्र नियमात बसतात. माशांची मर्यादा माणशी २० किलोची आहे. वास बाहेर येणार नाही असे पक्के बांधा.

तिथे गेल्यावर स्वस्त विमानांची जाहिरात दिसेल. तिथेही तोच मोकळ्या-बांधलेल्याचा न्याय. इझीजेट, रायनएअर यांच्या सर्वांत स्वस्त तिकिटात आसनाखाली मावेल एवढीच पिशवी फुकट असते. मोठ्या बॅगेचे पैसे वेगळे. चेक-इन घरूनच करायचे. रायनएअरने नोव्हेंबर २०२५ पासून छापील बोर्डिंग पास बंद करून फोनवरचाच ठेवला आहे. लंडनच्या नावाने ओळखले जाणारे विमानतळ सहा आहेत. स्टॅन्स्टेडहून रेल्वेने शहरात यायलाच सुमारे पन्नास मिनिटे लागतात. लंडन-एडिंबरा रेल्वेने साडेचार तासांच्या आसपास आणि भर शहरातून भर शहरात. विमान सव्वा तासात उडून जाते खरे, पण विमानतळाच्या दोन्ही बाजूंचा वेळ मिळवला तर फारसे काही उरत नाही. शिवाय रेल्वेत बॅगा कोणी तोलत नाही.

मुंबईहून हिथ्रो आणि तिथून पुढचे विमान वेगळ्या तिकिटावर काढले असेल, तर पहिल्याच्या उशिराची जबाबदारी दुसरी कंपनी घेत नाही. ग्लासगोपर्यंत उडायचेच असेल तर मुंबई ते ग्लासगो एकाच तिकिटावर घ्या. व्हीलचेअर हवी असल्यास विमान कंपनीला ४८ तास आधी कळवा; तिचे पैसे पडत नाहीत.

डब्लिन आणि पॅरिस जवळ दिसतात म्हणून उठून निघू नका. आयर्लंड हा वेगळा देश आहे, तिथला प्रवेश आधी तपासून घ्यावा लागतो. पॅरिसची गाडी लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनवरून सुटते खरी, पण तिच्यात बसायलाही शेंगेन व्हिसा लागतो. बेलफास्ट मात्र ब्रिटनच्याच व्हिसात येते.

या आठवड्यात मुलांशी बोलताना कागदावर दोन रकाने करा. ज्या दिवशीची वेळ आपल्या हातात आहे ते प्रवास एकात, नाही ते दुसऱ्यात. पहिल्या रकान्यातली तिकिटे आत्ताच काढायला सांगा. दुसऱ्या रकान्यातल्या प्रवासांसाठी मोकळ्या तिकिटाचे पैसे बाजूला ठेवा. घाई करून तिथे पैसे वाचत नाहीत.

पुढच्या आठवड्यात : तिथे आजारी पडल्यास काय. पाहुण्यांना कोणते उपचार मोफत मिळतात, कशाचे पैसे पडतात आणि विम्याचा कागद नेमका केव्हा काढायचा.