छायाचित्रातले घर आणि राहते घर

नवे घर घेतलेल्या किंवा जुन्या घराची डागडुजी काढलेल्या कुटुंबात सर्वांत आधी जमू लागतात ती छायाचित्रे. पूर्वी मासिकांची कात्रणे फाइलीत लावली जात. आता मोबाइलमध्ये ती शेकड्यांनी साठतात. पांढऱ्याशुभ्र भिंती, जमिनीपासून छतापर्यंतच्या काचा, कोपऱ्यात एकच वेताची खुर्ची. हे पाहून मन प्रसन्न होते आणि त्यात गैर काहीच नाही. देखणी घरे पाहणे हा एक स्वतंत्र आनंद आहे. तो घेण्यासाठी स्वतःचे घर सजवायलाच हवे असेही नाही. गफलत होते ती पुढच्या पायरीवर. मोबाइल सुतारापुढे धरून ‘अगदी असेच हवे’ असे सांगितले जाते, आणि बचतीतला मोठा हिस्सा दुसऱ्याच कुणाच्या हवामानात, दुसऱ्याच मापाच्या खोलीत शोभलेल्या गोष्टींवर खर्ची पडतो.

छायाचित्र हे मुळात वाचायला शिकावे लागते. अंतर्गत सजावटीची छायाचित्रे बहुधा रुंद कोनाच्या भिंगाने टिपलेली असतात. त्यामुळे दहा बाय बाराची खोली दिवाणखान्यासारखी ऐसपैस दिसते. चित्र घेण्यापूर्वी चपला, वायरी, औषधांचा डबा, पावसाळ्यातली कपड्यांची दोरी हे सारे चौकटीबाहेर गेलेले असते. घरातली माणसेही बहुधा नसतातच. म्हणून चित्र आवडले की पहिला प्रश्न विचारावा तो प्रकाशाचा : खिडकी कुठे आहे, ऊन कोणत्या बाजूने येते आहे? पुष्कळदा असे लक्षात येते, की मोहात पाडले ते सोफ्याने नव्हे, सोफ्यावर पडलेल्या तिरप्या उन्हाने. ते दुकानात मिळत नाही.

अलीकडच्या काळात शहरी घरांवर सर्वाधिक मोहिनी आहे ती उत्तर युरोपीय धाटणीची : पांढऱ्या भिंती, फिकट लाकूड, मोजके सामान. या धाटणीमागे तिथल्या हवामानाचे कारण आहे. स्टॉकहोममध्ये डिसेंबरात सूर्य दुपारी तीनच्या आधीच मावळतो. मिळेल तो उजेड खोलीभर पसरवणे ही तिथली निकड, आणि पांढरा रंग ते काम करतो. मुंबई, ठाण्यात परिस्थिती नेमकी उलटी. इथे मे महिन्यात पश्चिमेच्या खिडकीसमोरची पांढरी भिंत डोळ्यांना टोचते, आणि वर्षाकाठी २ हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या इमारतीत त्याच भिंतीवर ओलीचे डाग सर्वांत आधी उठून दिसतात.

याच परंपरेचे एक मूळ घर पाहिले तर आणखी एक गंमत कळते. स्वीडनमधील सुंडबॉर्न या गावी चित्रकार कार्ल लार्सन आणि त्याची पत्नी कारिन यांना १८८८ मध्ये कारिनच्या वडिलांकडून एक छोटे घर मिळाले. लार्सनने त्या घराची जलरंगातील चित्रे काढली. १८९९ मध्ये ती पुस्तकरूपाने आली आणि स्वीडिश घराची कल्पनाच त्यांनी घडवली. हे घर मात्र पांढरे आणि रिकामे नव्हते. जेवणाच्या खोलीत लाल व हिरवा रंग ठळकपणे वापरला होता, जुने फर्निचर रंगवून पुन्हा वापरात आणले होते, पडदे आणि आच्छादने कारिनच्या हातची होती. हाती असलेल्या वस्तूंतून आणि घरच्या माणसांच्या सवयींतून ते घर उभे राहिले होते. आज त्याच्या नावाने जे विकले जाते, त्यात नेमके हेच गाळलेले असते.

मग प्रेरणा घ्यायची म्हणजे काय, याचे उत्तम उदाहरण मुंबईतच आहे. कंबाला हिलवरील कांचनजंगा ही चार्ल्स कोरिया यांनी रचलेली उंच इमारत १९८३ मध्ये पूर्ण झाली. मुंबईत वारा आणि समुद्राचा देखावा हवा असेल तर घराचे तोंड पूर्व-पश्चिम असावे लागते. पण तापते ऊन आणि पावसाची झोडही त्याच दिशांनी येते. जुन्या बंगल्यांनी हा पेच राहत्या खोल्यांभोवती व्हरांडा गुंडाळून सोडवला होता. कोरियांनी बंगल्याचे छप्पर, खांब किंवा कठडे उचलले नाहीत. व्हरांड्यामागचे कारण तेवढे उचलले आणि इमारतीच्या कोपऱ्यांत दोन मजले उंचीच्या बागा कोरून काढल्या. बाहेर ऊन-पाऊस, आत खोली, मध्ये एक सावलीचा पट्टा.

सामान्य सदनिकेतली बाल्कनी हा त्याच व्हरांड्याचा धाकटा भाऊ. ‘प्रशस्त हॉल’च्या चित्रापायी सर्वांत आधी बळी जातो तो तिचाच. मधली भिंत पाडून बाल्कनी आत घेतली जाते, सरकत्या काचा बसतात. पहिल्या उन्हाळ्यात एसी जास्त चालू लागतो, पहिल्या पावसाळ्यात काचेच्या पट्टीतून पाणी थेट नव्या लाकडी जमिनीवर येते. धोका याहून मोठा आहे. बाल्कनीचा स्लॅब अनेकदा एका बाजूनेच धरलेला असतो. भिंतीचे किंवा मातीने भरलेल्या मोठ्या कुंड्यांचे जादा वजन त्याच्या हिशेबात धरलेले नसते. आतल्या भिंतींचेही तसेच. गिरगाव-दादरच्या कित्येक जुन्या इमारतींत भिंतच वरचा मजला पेलते. नव्या उंच इमारतींतही ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या काँक्रीटच्या भिंती भार घेतात, त्यांत दार पाडणे म्हणजे इमारतीच्या हाडाला हात लावणे. स्ट्रक्चरल इंजिनीअरचा अभिप्राय आणि सोसायटी व पालिका यांची परवानगी या बाबी म्हणूनच केवळ कागदी सोपस्कार नाहीत.

लाकूडकामात चित्र काहीच सांगत नाही, कारण वरचा सनमायका तेवढा दिसतो. आतला प्लायवुड कोणता, हे विचारूनच घ्यावे लागते. ‘एमआर’ दर्जाचा प्लाय हवेतला दमटपणा सोसतो, पाणी नव्हे. सिंकखालच्या कपाटाला आयएस ७१० मानकाचा मरीन प्लाय घ्यावा. रंगवलेले एमडीएफचे गुळगुळीत दार दिसते सुरेख. पण कडेने पाणी शिरले की फुगते आणि पुन्हा बसत नाही. फॉल्स सीलिंगच्या बाबतीतही घरातली उंची आधी मोजावी. राहत्या खोलीला साधारण २.७५ मीटर म्हणजे नऊ फूट उंची मिळते. त्यातले सहा-आठ इंच गेले, वर पंखा लटकला, की खोली बुटकी वाटू लागते.

चित्रातून जसेच्या तसे आणि स्वस्तात आणता येते अशी गोष्ट म्हणजे दिवा. बहुतेक चित्रांतला उबदारपणा २७०० ते ३००० केल्व्हिनच्या पिवळसर दिव्यांचा असतो. आपल्याकडे मात्र सर्रास ६५०० केल्व्हिनचा पांढरा उजेड लावला जातो. छताच्या मधोमध एकच झगझगीत दिवा लावण्याऐवजी खुर्चीशेजारी, कपाटावर असे दोन-तीन मंद दिवे ठेवले तर सामान न बदलताही संध्याकाळी खोली निराळी भासते. ओट्यावर आणि अभ्यासाच्या टेबलावर मात्र लख्ख उजेडच हवा.

फर्निचरची मापे ठरवताना जाणकार एक जुनी युक्ती सांगतात. आवडलेल्या सोफ्याच्या, पलंगाच्या, टेबलाच्या आकाराची वर्तमानपत्रे जमिनीवर अंथरावीत, चिकटपट्टीने डकवावीत आणि चार दिवस घरात तसेच वावरावे. कपाटाचे दार उघडते का, आजींना रात्री भिंतीला धरून न्हाणीघरापर्यंत जाता येते का, मुलांना जमिनीवर पसारा मांडायला जागा उरते का, हे आपोआप कळते. चित्रातला नऊ फुटी सोफा सहसा तिसऱ्या दिवशी सात फुटांवर येतो.