स्थळ आणि अंतर

पुण्याच्या नैर्ऋत्येस मुठा नदीच्या दोन काठांवर समोरासमोर वसलेल्या दोन गावांची मुलकी दप्तरातील नावे हिंगणे बुद्रुक आणि हिंगणे खुर्द अशी आहेत. एकाच नावाची दोन गावे असली म्हणजे थोरल्यास बुद्रुक आणि धाकट्यास खुर्द म्हणावे, हा फारसी अमदानीतला प्रघात पुढे इंग्रज येऊन गेले तरी आमच्या सात-बाराच्या उताऱ्यांतून हललेला नाही. थोरल्या हिंगण्याला आता सर्वजण कर्वेनगर म्हणतात, धाकटे सिंहगड रस्त्याच्या गर्दीत विरून गेले आहे, आणि दोहोंच्या मधून वाहणारी मुठा एवढीच काय ती त्यांची जुनी शीव शिल्लक राहिली आहे.

कर्वेनगरात राहणाऱ्या माझ्या भाचीने गेल्या माघातल्या एका रविवारी पोहे खाता खाता आपला फोन माझ्यापुढे धरला. पडद्यावर एका तरुणाचे छायाचित्र, त्याखाली नाव, वय, आणि त्याखाली ‘२ किमी अंतरावर’ एवढाच मजकूर.

“मामा, हा बहुतेक नदीपलीकडचा,” ती म्हणाली. “दोन किलोमीटर म्हणे! संध्याकाळी सातला राजाराम पुलावरनं येऊन दाखव म्हणावं.”

तिचे चार वर्षांचे सख्य दिवाळीच्या सुमारास संपले होते. लग्न झालेले नव्हते. त्यामुळे घटस्फोटाला जी तारीख असते, जो हुकूमनामा असतो, हिंदू विवाह कायद्यात १९७६ साली घातलेल्या ‘तेरा-ब’ कलमाखाली परस्परसंमतीचा अर्ज रुजू केल्यावर जी सहा महिन्यांची मुदत असते (आणि जी योग्य प्रकरणी माफ करण्याची न्यायालयास मुभा आहे असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली ठरवले), यांतले काहीच अशा वियोगाच्या वाट्याला येत नाही, आणि ‘ब्रेकअप झालं’ एवढ्या दोन शब्दांत प्रकरण दप्तरी दाखल होते. तहनामा तोंडीच झाला. तंबू त्याच्याकडे गेला, मिक्सर हिच्याकडे राहिला, झोपायच्या पिशव्या एकेक वाटून घेतल्या. वाटणी करता आली नाही ती जागांची. वेताळ टेकडीवरची पहाटेची वाट, फर्ग्युसन रस्त्यावरचे ते कोपऱ्यातले टेबल, सिंहगडाच्या कल्याण दरवाजाकडचा पार, या सर्वांवर जणू कोणी जप्तीची नोटीस डकवली होती. कारण तिथे गेले तर तो भेटेल ही एक धास्ती, आणि भेटणार नाही ही दुसरी. पुण्यासारख्या शहरात, जिथे तीन माणसांपलीकडे ओळख निघत नाही असे माणूस शोधून सापडायचे नाही, ब्रेकअप झालेल्याचा अर्धा नकाशा असा आपोआप सरकारजमा होतो.

अशा अवस्थेत मैत्रिणींनी तिला फोनवर डेटिंगचे ॲप घ्यायला लावले. मला या यंत्राविषयी आधी कुतूहल वाटले, मग थोडा आकस आणि शेवटी आदर, आणि त्याचे कारण आपल्या भाषेतला एक शब्द आहे. विवाहयोग्य व्यक्तीला मराठीत ‘स्थळ’ म्हणतात. स्थळ येते, स्थळ सांगून येते, स्थळ पाहायला जातात, स्थळ हातचे जाते. आणि एवढे सगळे बोलताना आपण एका माणसाविषयी बोलत आहो की एका गावाविषयी, हे ऐकणाऱ्याला मुद्दाम सांगावे लागत नाही, कारण बोलणाऱ्यांच्या मनात ते कधी वेगळे नव्हतेच. वधू-वर सूचक मंडळाच्या वहीत नावाच्या आधी मूळ गाव विचारले जाई, कुलदैवत विचारले जाई, आजोळ विचारले जाई. माणूस हा एका जागेचा उतारा होता.

ही सोयरिकीची भूगोलविद्या शास्त्रशुद्ध रीतीने मांडली ती पुण्यातच. महर्षी कर्व्यांच्या स्नुषा इरावतीबाई कर्वे डेक्कन कॉलेजात अध्यापन करीत; त्यांचा ‘किन्शिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ हा ग्रंथ १९५३ साली प्रसिद्ध झाला. त्यासाठी त्या देशभर हिंडल्या, आणि या हिंडण्यातून त्यांनी जे नकाशे उभे केले त्यांचे मर्म थोडक्यात असे की, उत्तरेत मुलगी गावाबाहेर, अनोळखी घरी द्यायची, स्वतःच्या गावातल्या मुली सर्व बहिणी मानायच्या. दक्षिणेत उलट जवळच्या, आधीच्या नात्यातच सोयरीक घट्ट करीत राहायची. आणि महाराष्ट्र या दोहोंच्या सांध्यावर उभा, जिथे अनेक जातींत मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्क मानला जाई, पण आतेच्या मुलीविषयी मात्र तीच मोकळीक नसे. म्हणजे ‘किती दूरचे चालेल?’ हा प्रश्न ॲपने उत्पन्न केलेला नाही. प्रत्येक मुलखाची सोयरिकीची त्रिज्या फार पूर्वीपासून ठरलेली होती. ती बोटाने सरकवता येत नव्हती इतकेच.

हे ज्या हिंगण्यात बसून मी भाचीला सांगत होतो, त्याच हिंगण्याच्या माळावर १९०० साली धोंडो केशव कर्व्यांनी चार वर्षांपूर्वी स्थापिलेला आपला विधवाश्रम हलवला. त्याआधी १८९३ साली त्यांनी स्वतः एका विधवेशी, गोदूबाईंशी, पुण्यात विवाह केला, आणि त्याबद्दल त्यांच्या मुरूड गावाने त्यांना वाळीत टाकले. ज्यांच्या आयुष्याची रोजकीर्द समाजाने मिटून ठेवली होती त्या बायकांनी जिथे पुन्हा पाटी हातात घेतली, त्या जागेपासून हाकेच्या अंतरावर माझी भाची सोफ्यावर मांडी घालून अंगठ्याने माणसे डावी-उजवीकडे सारीत होती. दोन गोष्टींची तुलना मी करीत नाही. कर्व्यांना वाळीत टाकणारे गाव होते, हिला फार तर शेजारच्या काकू विचारतात. पण तुटलेल्या गोष्टीनंतर पुन्हा आरंभ करण्यात लाजण्यासारखे काही नाही, एवढे त्या मातीने शंभर वर्षांपूर्वीच मान्य केलेले आहे.

आता त्या यंत्राची कैफियत. टिंडर २०१२ साली अमेरिकेत निघाले. उजवीकडे सारले तर पसंत, डावीकडे सारले तर नापसंत, आणि दोघांनीही एकमेकांना उजवीकडे सारले तरच बोलण्याची मुभा, ज्याला ‘मॅच’ म्हणतात. डिसेंबर २०१८ मध्ये भारतात आलेल्या बम्बलने त्यावर आरंभी आणखी एक अट घातली होती: स्त्री-पुरुषांची जोडी जुळली तर पहिला शब्द स्त्रीनेच टाकायचा, तोही चोवीस तासांत, नाहीतर जुळणी रद्द. विचारल्याखेरीज तोंड उघडायचे नाही अशी ताकीद घेऊन पोह्यांचा ट्रे बाहेर आणणाऱ्या आमच्या आयाबहिणींना हा नियम ऐकवला असता तर त्यांना काय वाटले असते, हे मला पाहायला आवडले असते.

परंतु या सर्वांचा पाया अंतर हाच. फोन उपग्रहांच्या साहाय्याने आपले अक्षांश-रेखांश ओळखतो, ॲपला कळवतो, आणि ॲप तुमच्याभोवती तुम्ही ठरवलेल्या त्रिज्येचे वर्तुळ आखून त्यातली माणसे पुढे करते. पृथ्वीच्या गोल पाठीवरील दोन बिंदूंमधले अंतर काढण्यासाठी संगणकात जे सूत्र सर्रास वापरतात त्याचे नाव ‘हॅवरसाइन’, म्हणजे अर्धी ‘वर्साइन’. आणि ही वर्साइन म्हणजेच आपल्या प्राचीन ज्योतिषग्रंथांतली उत्क्रमज्या. जी संज्ञा एकेकाळी ग्रहांची स्थाने काढण्याकरिता वापरली जाई, ती आज वारज्यातला अभियंता कोथरूडच्या डॉक्टरणीपासून किती दूर आहे हे सांगते. पत्रिका गेली, पण गणित राहिले, असे म्हणायला हरकत नाही.

या गणिताचा दोष एवढाच की ते कावळ्याच्या वाटेने जाते. त्याला मुठा नदी ठाऊक नाही, चांदणी चौक ठाऊक नाही, आणि सह्याद्री तर मुळीच ठाऊक नाही. पुण्याहून रायगड सरळ रेषेत सुमारे पंचावन्न किलोमीटर भरेल. गाडीने ताम्हिणीमार्गे जावे तर शंभराहून अधिक. तोरण्याच्या बुधला माचीवरून स्वच्छ हवेत रायगड नजरेच्या टप्प्यात येतो, मध्ये सरळ रेषेत वीसेक किलोमीटर. पण तेवढे चालून जाणाऱ्यांना दोन दिवस लागतात आणि त्यांचे गुडघे तिसऱ्या दिवशी बोलतात. पाचाडला घाटाखाली बसलेला एखादा मुलगा तोरण्यावरच्या मुलीला ‘अगदी जवळ’ म्हणून दाखवला जाईल, आणि ॲपच्या हिशेबाने ते खरेही असेल. मराठीत अंतर या शब्दाला मैलांखेरीज आणखी अर्थ आहेत. अंतर म्हणजे फरक, अंतर म्हणजे मन, आणि ‘अंतर देणे’ म्हणजे सोडून जाणे. दिवाळीत जो मुलगा हिला अंतर देऊन गेला, तो बराच काळ हिच्या फोनवर ‘१ किमी’ दिसत होता.

त्या पडद्यावरच्या छायाचित्रांविषयीही एक शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही. दर दुसऱ्या गृहस्थाचा फोटो कोकणकड्यावरचा, नाहीतर पँगाँग सरोवराकाठी बुलेटला टेकून काढलेला, आणि परिचयात ‘प्रवासाची आवड’ हे शब्द. देशाटन हे पंडितमैत्रीइतकेच चातुर्य देते असे आपल्याकडे पूर्वापार सांगत आले आहेत, त्यामुळे तक्रार नाही. पण लडाख पाहिलेल्या या मंडळींपैकी एकाला भाचीने पाताळेश्वरापाशी भेटू या असे लिहिले, तेव्हा तो हिला विचारतो, हे हॉटेल नवीन आहे का! जंगली महाराज रस्त्यावर राष्ट्रकूटकालीन कातळात कोरलेले देऊळ आहे, आणि पाच रुपयांच्या वडापावच्या काळापासून त्याच्या पायऱ्यांवर प्रेमिक बसत आले आहेत, हे त्याच्या गावीही नव्हते. ते स्थळ तिने डावीकडे सारले.

पोहे संपता संपता तिने मला विचारले, “पण मामा, हे अंतर असं मोघमच का दाखवतात? दोन म्हणजे दोनच का नाही?”

याचे उत्तर गंभीर आहे. आरंभी टिंडरचे सर्व्हर फोनला जे अंतर पाठवीत ते पुष्कळ दशांश स्थळांपर्यंत अचूक असे. पडद्यावर दिसत नसले तरी जाणकाराला वाचता येई. एखाद्याने स्वतःचे ठिकाण खोटे सांगून तीन निरनिराळ्या बिंदूंपासून एकाच स्त्रीचे अंतर मागवले, तर त्या तीन अंतरांच्या त्रिज्येची तीन वर्तुळे नकाशावर एकाच बिंदूत छेदत, आणि तो बिंदू म्हणजे तिचे घर. इन्क्लूड सिक्युरिटी या संस्थेने ही खिंड २०१३ साली कंपनीच्या नजरेस आणून दिली आणि ती बुजवल्यानंतर फेब्रुवारी २०१४ मध्ये जाहीर केली. तेव्हापासून अंतर मोघम केले गेले. अजूनही भाची पहिली भेट दिवसाढवळ्या, वर्दळीच्या जागी ठेवते आणि आपण कुठे आहो हे मैत्रिणीला कळवून ठेवते, हे मला त्या दुरुस्तीपेक्षा अधिक भरवशाचे वाटते.

तीन मापांतून एक जागा पकडण्याची ही युक्ती सांगताना मला विल्यम लॅम्टन आठवला. त्याने अंतरांऐवजी कोन मोजले, पण त्रिकोणांवरचा विश्वास तोच. १८०२ साली मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटपाशी साडेसात मैलांची एक आधाररेषा साखळीने मोजून त्याने हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय मोजणीस हात घातला. अर्धा टन वजनाचे कोनमापक यंत्र माणसांच्या खांद्यांवरून आणि दोरांनी गोपुरांवर, टेकड्यांवर चढवीत तो वीस वर्षे उत्तरेकडे सरकत राहिला, आणि हैदराबादेहून नागपुरास जाताना २० जानेवारी १८२३ रोजी वर्धेजवळच्या हिंगणघाटास मरण पावला. त्याचे काम पुढे एव्हरेस्टने नेले, ज्याचे नाव शिखराला मिळाले. लॅम्टनची कबर मात्र हिंगणघाटातच राहिली.

“आपल्या महाराष्ट्रात?” भाची म्हणाली. “मग अजून गेलास का नाहीस?”

मी गेलो नव्हतो हे खरे होते, आणि आता गुडघेही नव्हते. साथीच्या काळात, एप्रिल २०२० मध्ये, टिंडरने आपली ‘पासपोर्ट’ नावाची सशुल्क सोय काही आठवडे सर्वांना फुकट दिली होती, ज्यायोगे घरात कोंडलेला माणूस आपला बिंदू उचलून जगातल्या कोणत्याही शहरावर ठेवू शके. तेव्हा तिने आणि दिवाळीत अंतर देऊन गेलेल्या त्या मुलाने शेजारी बसून, गंमत म्हणून, आपले बिंदू रात्रभर देशभर फिरवले होते. आता तिने फोन नव्हे, स्वतःलाच उचलले. फाल्गुनात एका शुक्रवारी रात्री ती महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये बसली, दौंड, मनमाड, भुसावळ, अकोला करीत दुसऱ्या दिवशी दुपारी वर्ध्यास उतरली, आणि तिथून हिंगणघाटची लाल गाडी धरली. पुण्यापासून सरळ रेषेत साडेपाचशे किलोमीटरांहून अधिक. या टापूत जप्त झालेली एकही जागा नव्हती.

संध्याकाळी तिचा फोन आला. मागे एसटी स्थानकाचा गलका होता. गाडीत शेजारी बसलेल्या, मांडीवर तुरीच्या डाळीचे गाठोडे घेतलेल्या एका आजीने तिची चौकशी आरंभली होती: गाव कोणते, एकटीच का, नवरा कुठे. पुणे ऐकल्यावर आजींना काही उमगल्यासारखे झाले.

“स्थळ पाह्याले आली काय वं?”

“मग तू काय म्हणालीस?” मी विचारले.

“हो म्हटलं. जरा जुनं आहे, अठराशे तेवीसचं. तर म्हणतात कशा, मंग इचारपूस करूनच जाजो.”