शाळकरी गुप्तहेर, गावभर वैर : 'व्हेरॉनिका मार्स' अजूनही का बघितली जाते?

भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेवर वाढलेल्या आपल्या पिढीला शाळकरी गुप्तहेर नवा नाही. पण फेणेचं साहस संपलं की त्याला परतायला शाळा असते, मित्र असतात. 'व्हेरॉनिका मार्स' या अमेरिकन मालिकेतल्या मुलीची अडचण अशी, की तिच्यावर डूख धरून बसलेले बहुतेक लोक तिच्याच शाळेत आहेत.

रॉब थॉमस यांची ही मालिका २००४ मध्ये यूपीएन वाहिनीवर सुरू झाली. कथा घडते कॅलिफोर्नियातल्या नेपच्यून या कल्पित गावात. व्हेरॉनिकाची (क्रिस्टन बेल) जिवलग मैत्रीण लिली केन हिचा खून झालेला आहे. व्हेरॉनिकाचे वडील कीथ तेव्हा शेरीफ, म्हणजे लोकांनी निवडून दिलेले पोलीसप्रमुख. त्यांनी संशय घेतला तो थेट लिलीच्या वडिलांवर. ते गावातले सर्वात मोठे सॉफ्टवेअर उद्योजक, त्यामुळे गाव बिथरलं. दुसऱ्याच एका माणसाने गुन्हा कबूल केला, मतदारांनी कीथना पायउतार केलं, आई घर सोडून गेली. बापाची बाजू घेतली म्हणून मुलीचे मित्रही तुटले. आता कीथ खासगी गुप्तहेराचं ऑफिस चालवतात आणि शाळा सुटली की ती तिथे काम करते.

म्हणजे खुनाचा तपास हा तिच्यासाठी कोडं सोडवण्याचा खेळ नाही. बाप बरोबर होता की नाही, याचा तो निकाल आहे. पहिल्या सीझनचे २२ भाग प्रेक्षक जागचा हलत नाही तो यामुळे. दर भागात एक छोटं प्रकरण सुटतं, मोठं मात्र इंचाइंचाने पुढे सरकतं.

छोटी प्रकरणंही फुटकळ नाहीत. दुसऱ्याच भागात श्रीमंत घरात कामाला असलेल्या एका म्हातारीवर क्रेडिट कार्डाच्या फसवणुकीचा आळ येतो. पोलीस तिला उचलतात, विषय संपला. व्हेरॉनिका मात्र कार्डावर काय काय खरेदी झालं याच्या मागे लागते आणि धागा श्रीमंतांच्या पोरांपर्यंत जाऊन भिडतो. (आम्हा कॉमर्सवाल्यांना हा भाग विशेष आवडावा!) नेपच्यूनमध्ये न्याय खिसा बघून मिळतो. स्वतःवरच्या अत्याचाराची तक्रार घेऊन ती नव्या शेरीफकडे जाते, तेव्हा तो तिची थट्टा करतो. असल्या गावात माहिती हीच तिची ताकद. लांब लेन्सचा कॅमेरा, फोनवर आवाज बदलून बोलणं, शाळेच्या ऑफिसातून फायली काढून देणारा मित्र वॉलेस, एवढीच सामुग्री. आणि ती कामाचे पैसे चोख घेते.

या सगळ्या कडवटपणात बाप-लेकीचं नातं फार गोड आहे. जेवताना एकमेकांची टर उडवतात आणि काळजीपोटी एकमेकांपासून गोष्टी लपवतातही. माझ्या मते मालिकेचा खरा जीव तिथेच आहे. तिसऱ्या सीझनमध्ये ती कॉलेजात जाते, रहस्यं आखूड होतात, तेव्हा पकड सैल पडते हेही खरं.

प्रेक्षकसंख्या कधीच मोठी नव्हती, २००७ मध्ये मालिका बंद झाली. पण होते ते प्रेक्षक चिवट निघाले. मार्च २०१३ मध्ये चित्रपटासाठी इंटरनेटवर २० लाख डॉलरची वर्गणी मागितली, ती अकरा तासांच्या आत जमली. शेवटी ९१,५८५ जणांनी मिळून ५७ लाखांवर डॉलर दिले, माणशी सरासरी ६२ डॉलर. चित्रपट २०१४ मध्ये आला. २०१९ मध्ये आठ भागांचा चौथा सीझनही झाला. त्याच्या शेवटावरून चाहते जाम भडकले, का ते सांगत नाही.

बघायची झाली तर पहिल्या भागापासूनच बघा, मधून काही कळणार नाही. घरात आठवी-नववीतली मुलं असतील तर सुरुवातीचे भाग आधी मोठ्यांनी बघितलेले बरे. नायिका शाळकरी आहे, विषय नाहीत.