बोटीवरच्या पोराला वाली कोण?

लोहारा तालुक्यातील सास्तूरपासून समुद्र शेकडो मैल दूर. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाने उद्ध्वस्त झालेला हा पट्टा, शेती कोरडवाहू. येथल्या बारावी झालेल्या पोराला 'मर्चंट नेव्हीत लावतो, पगार डॉलरमध्ये' म्हणणारा एजंट भेटला, तर बाप जमीन गहाण टाकायला किती वेळ लावेल? ज्याला जमीनच नाही, तो सावकाराचे दार गाठतो.

बांधवांनो, बोटीवर लावण्यासाठी खलाशाकडून पैसे घेणेच बेकायदेशीर आहे! २००६ चा सागरी श्रम करार भारताने २०१५ मध्ये मान्य केला. त्यानुसार भरतीचा खर्च मालकाचा. पासपोर्ट, सीडीसी आणि वैद्यकीय दाखला एवढाच खलाशाचा. रोज किमान १० तास विश्रांती. दोन महिने पगार थकला, की त्याला वाऱ्यावर सोडले असे धरून विम्यातून चार महिन्यांपर्यंतचा पगार आणि घरी येण्याचा खर्च मिळाला पाहिजे. तरीही २०२४ मध्ये जगभरात तीन हजारांवर खलाशी बोटींवर बेवारस सोडले गेले, आणि त्यात सर्वाधिक भारतीय होते. मालक एका देशाचा, झेंडा दुसऱ्याच देशाचा, मग जाब विचारायचा कोणाला?

कायदा नुसता छापून भागत नाही, तपासणारा माणूस लागतो. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळत असताना, एप्रिल १९४५ मध्ये, मुख्य श्रम आयुक्तांची यंत्रणा उभी राहिली. रेल्वे, खाणी, मोठी बंदरे आजही तिच्याच कक्षेत येतात. पण २१ नोव्हेंबर २०२५ पासून श्रमसंहिता लागू झाल्या. गोदी कामगारांचा १९८६ चा सुरक्षा कायदा त्यात गडप झाला आणि निरीक्षकाच्या हुद्द्याला 'सुविधा देणारा' अशी शेपटी लागली. आता त्याने मालकालाही सल्ला द्यायचा. तपासणी कोठे, हे संगणकाची सोडत ठरवणार. (चोराला वाट दाखवायला पोलीस नेमल्यासारखेच हे!)

बोटीवरचा खलाशी मुंबईच्या नौवहन महासंचालनालयाच्या अखत्यारीत येतो. एजंटाकडे त्यांचा आरपीएसएल परवाना आहे का, हे पैशाची गोष्ट निघण्याआधी तपासा. सही केलेल्या करारनाम्याची प्रत घरी ठेवा. परदेशी बंदरातील निरीक्षकाकडेही खलाशाला तक्रार करता येते आणि त्याचे नाव गुप्त ठेवण्याचे बंधन त्या अधिकाऱ्यावर आहे. गावोगावच्या विहारांत अभ्यासिका चालवणाऱ्या कार्यकर्त्यांनी एवढी माहिती फळ्यावर लिहून ठेवली, तरी एखाद्या घराची जमीन वाचेल.