डीलरचे दोन्ही पत्ते दिसतात, तरी आपण हरतो कसे? ब्लॅकजॅकचे प्रकार समजून घ्या

परवा भवानी पेठेत मामाकडे गेलो होतो. मामेभावाने मोबाइल पुढे केला. "दादा, ह्यात डीलरचे दोन्ही पत्ते दिसतेत बघ. हरायचा प्रश्नच नाही!" ॲप फुकट नाण्यांचं होतं, पण कोपऱ्यात 'खरे पैसे लावा' हे बटण चमकत होतं. म्हणून हा लेख.

मूळ गेम कसा असतो?

गोव्यात मांडवीतल्या कॅसिनो बोटींवर दिसतो तो ब्लॅकजॅक साधा आहे. २१ च्या जास्तीत जास्त जवळ जायचं, पण पुढे नाही. चित्रांचे पत्ते १० चे, एक्का १ किंवा ११. डीलरचा एकच पत्ता उघडा असतो. एक्का आणि १० चा पत्ता आला की ब्लॅकजॅक. त्याला ३:२, म्हणजे १०० रुपयांवर १५० मिळतात.

मग कॅसिनो कमावतो कुठे? आधी आपण खेळतो. आपण २१ पार गेलो की पैसे गेले. नंतर डीलरही पार गेला तरी परत मिळत नाहीत. चांगले नियम आणि अचूक खेळ असेल तर कॅसिनोचा फायदा साधारण अर्धा टक्का.

प्रकार बदलला की काय बदलतं?

- डबल एक्स्पोजर: भावाचा गेम हाच. दोन्ही पत्ते दिसतात, पण बरोबरी झाली की बहुतेक वेळा डीलर जिंकतो आणि ब्लॅकजॅकला १०० वर १०० च.
- स्पॅनिश २१: आपले २१ झाले की जिंकलोच, वर बोनस. पण कॅटमधून चारही दश्श्या काढलेल्या, म्हणजे ४८ पत्ते. ब्लॅकजॅक कमी येतो.
- ब्लॅकजॅक स्विच: दोन डाव, त्यांतले दुसरे पत्ते अदलाबदल करता येतात. पण डीलरचे २२ झाले तर तो हरत नाही, बरोबरी धरतात.
- ६:५ टेबल: दिसायला मूळ गेमच, पण ब्लॅकजॅकला १५० ऐवजी १२०.

शेवटचा सगळ्यात फसवा. हिशोब करू. डीलरशी बरोबरी न होणारा ब्लॅकजॅक साधारण ४.५ टक्के डावांत येतो. प्रत्येक वेळी ३० रुपये कमी, म्हणजे सरासरी १.३५ टक्के तोटा. अर्ध्या टक्क्याचे जवळपास १.९ झाले! १०० रुपयांचे ५०० डाव खेळलात तर सरासरी तोटा २५० वरून सुमारे ९२५ वर.

आणि ॲपमध्ये?

टेबलावर पत्ते डोळ्यांसमोर पिसतात. ॲपमध्ये ते काम कोड करतो आणि तो आपल्याला दिसत नाही. शिवाय ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर बंदी आणली आहे. म्हणजे असं ॲप पैसे घेऊन गायब झालं तर दाद मागणं अवघडच.

भावाला एवढंच सांगितलं: नवीन प्रकारात काय जास्त देतायत ते सगळे बघतात, तू काय काढून घेतलंय ते शोध. बरोबरीचा नियम वाचल्यावर त्याने ॲप स्वतःच काढून टाकलं.