सामूहिक ध्यान : कोणते वेग धरावेत, कोणते धरू नयेत?

डहाणू-तलासरीतून गणेशपुरीस भगवान नित्यानंदांच्या समाधिस्थानी, अथवा गावातीलच सामूहिक ध्यानास निघालेला रुग्ण ‘उपाशी जाऊ का? औषध नंतर घेऊ का?’ असे विचारतो. उत्तर चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील ७ व्या, ‘नवेगान्धारणीय’ अध्यायात आहे. लोभ, क्रोध आदी मानसिक वेग आवरावेत. भूक, तहान, मूत्र यांसह १३ शारीरिक वेग मात्र रोखू नयेत.

म्हणून ध्यानापूर्वी दोन तास लघु आहार घ्यावा, मलमूत्रविसर्जन करून वेळेआधी पोहोचावे. पादत्राणे बाहेर, भ्रमणध्वनी बंद, उग्र अत्तर वर्ज्य. गुडघेदुखी असल्यास खुर्ची मागावी. मध्येच उठावे लागणाऱ्याने दाराजवळ बसावे.

मधुमेही रुग्णाने औषध परस्पर बंद करू नये, तसेच ते घेऊन उपाशीही बसू नये. चिकूचा प्रसाद मोजकाच घ्यावा. आपल्या आदिवासी पाड्यांत सिकलसेलचे रुग्ण आहेत. पाण्यावाचून बसल्यास त्यांना तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो. त्यांनी पाणी जवळ ठेवावे.

औषधविक्रेत्या बंधूंनीही औषध देताना उपवासाची चौकशी अवश्य करावी. निग्रह मनाचा असावा; देहाचा छळ ही साधना नव्हे.